चुली म्हणजे जर्दाळू

लडाखी भाषेत जर्दाळूला ‘चुली’ म्हणतात. आमच्या पलटणीतल्या मराठी पोरांना सुरुवातीला या शब्दाचं हसू यायचं. मग ऑगस्टमध्ये घराघरांच्या धाब्यांवर वाळत घातलेल्या केशरी चुली पाहिल्या, आणि शब्द आमच्याही तोंडात बसला.

आपल्याला जर्दाळू माहीत असतो तो वाण्याकडचा, सुका, सुरकुतलेला. झाड बघायचं तर लेहहून सिंधूच्या काठाने खाली यायचं, खालसीच्या पुढे. लेह 3,500 मीटरवर आहे. हा भाग त्याहून खाली आणि थोडा उबदार, म्हणून इथे जर्दाळू चांगला होतो. गावाचं नाव लिहीत नाही, फौजी सवय.

आमच्या पोस्टच्या खाली एका घरामागे 28 झाडांची बाग आहे. मालकांना सगळे मेमे-ले म्हणतात. मेमे म्हणजे आजोबा, आणि ‘ले’ म्हणजे आपलं ‘जी’.

लेहकडे वर्षभरात जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या रत्नागिरीत जुलैतल्या एका दिवसात तेवढा पडून जातो. त्यामुळे झाडं जगतात ती डोंगरावरचं बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यावर. हे पाणी पाटाने गावात येतं आणि ते कुणाला कधी मिळणार हे चुरपोन ठरवतो. चुरपोन म्हणजे गावाने नेमलेला पाणीवाला. आपली पाळी असेल तेव्हा फावडं घेऊन हजर राहायचं, मग रात्र असो की पहाट. माणूस नसेल तर पाणी पुढच्या शेतात जातं.

एप्रिलमध्ये झाडं फुलतात. त्या दिवसांत एक रात्र कडक गारठली तरी वर्षाचं पीक जातं. ते टळलं तर जुलै-ऑगस्टमध्ये फळ हाताशी येतं. काही झाडांच्या बियांतला गर बदामासारखा गोड, काहींचा कडू. गोड खायचा, कडवा तेलाला जातो. कडवा मूठभर खाल्ला तर विषबाधा होते, हे नव्या पोरांना मी आधीच सांगून ठेवतो. ‘रक्तसे कार्पो’ या जातीची बी पांढरी आणि गर गोड. तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

पण गोड झाडाची बी पेरली म्हणून गोडच झाड उगवेल असं नाही. म्हणून कलम करावं लागतं. बियांपासून वाढलेला खुंट घ्यायचा, सालीला टी आकाराची चीर द्यायची, चांगल्या झाडाचा डोळा आत सरकवायचा आणि पट्टी बांधायची. हापूसची कलमं बांधत वाढल्यामुळे माझा हात त्यात बसलेला. मेमे-लेंनी माझी गाठ दोनदा तपासली आणि पुढचा खुंट माझ्यासमोर सरकवला. त्या दिवशी आम्ही 11 डोळे भरले.

त्यांचा एक मुलगा लेहला टॅक्सी चालवतो, दुसरा चंदीगडला नोकरीत. “मेमे-ले, तुमच्यानंतर ही बाग कुणाची?” मी विचारलं.

“पाळीच्या दिवशी फावडं घेऊन येईल त्याची,” ते म्हणाले आणि चाकू पुसायला लागले.

हे मी विचारलं त्याला कारण होतं. त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला होता. आमच्या 40 कलमांच्या बागेला गिऱ्हाईक आलं होतं. भाऊ मुंबईला, मी इथे, आणि बाबांचे गुडघे आता चढण चढत नाहीत. “तुम्ही दोघं यायचे नसाल तर मी कुणासाठी राखू?” असं त्यांनी विचारलं होतं. त्यावर मी नुसतं “बघू” म्हणालो होतो.

माझी दोन वर्षं नोकरी राहिली आहे. पुढे मुदतवाढ मागायची की घरी जायचं, हे ठरत नव्हतं. रविवारी बाबांना फोन केला. म्हटलं, “विसार घेऊ नका. दोन वर्षं गडी लावा, पैसे मी पाठवतो. नंतर मी येतो.”

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “येताना जर्दाळूचं रोप आण. लावून बघू.” मी सांगितलं की ते आपल्याकडे फळायचं नाही, त्याला लांबलचक कडक थंडी लागते. “बरं, मग सुके आण,” ते म्हणाले.

11 पैकी 8 डोळे जगले आहेत. त्यांना फळ धरायला तीन-चार वर्षं लागतील. तोवर माझी पलटण दुसरीकडे असेल आणि मी कलमांना आळी करत असेन.