‘बेडा’ हा शब्द मोजायचा का?

दोन वर्षांच्या मुलाला किती शब्द यायला हवेत, हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का? पडला नसेल तर सुखी आहात. आणि पडला असेल तर तुम्ही तो नक्की रात्री अकरा वाजता, पोरं झोपल्यावर, फोनचा उजेड कमी करून शोधला असणार. उत्तर सगळीकडे साधारण एकच येतं: पन्नासेक शब्द, आणि दोन शब्द जोडून केलेली छोटी वाक्यं. ‘दूध दे’, ‘बाबा गेला’ अशी.

आमच्या छोटूला दुसऱ्या वाढदिवसाला १७ शब्द येत होते. किंवा १४. किंवा २१. नेमके किती, यावरून माझं आणि नवऱ्याचं चांगलं भांडण झालं.

आधी घराची भाषिक भूगोलपट्टी सांगते, म्हणजे भांडण कळेल. मी सांगलीची, नवरा बेळगावचा, घर बेंगळुरूत बनशंकरीला. घरात मराठी, तीही दोन तऱ्हांची. बेळगावकडे बायकासुद्धा ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात, त्यामुळे आमची साडेचार वर्षांची थोरली अहो आईंसारखी ‘मी जेवतो’ म्हणते आणि पुण्याची भावंडं खो खो हसतात. सकाळी नऊ ते तीन मुलांना सांभाळायला अक्का येते. ती कन्नड बोलते, आणि फोनवर तिच्या बहिणीशी तेलुगू. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई तमिळ. थोरलीच्या शाळेत इंग्रजी, आणि संध्याकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सगळी पोरं मिळून हिंदी. छोटूच्या कानावर रोज सहा भाषा पडतात आणि तोंडातून निघतात १७ शब्द.

आता ते शब्द. ‘आई’, ‘बाबा’, ‘ताई’, ‘काऊ’ यावर वाद नव्हता. ‘नीरु’ म्हणजे पाणी, ‘बा’ म्हणजे ये, ‘साकु’ म्हणजे पुरे, ‘बेडा’ म्हणजे नको, हे अक्काकडून आलेले. नवरा म्हणाला, हे कन्नड, मराठीच्या यादीत कसे धरायचे? मी म्हटलं, मूल एक आहे तर यादी पण एकच. मग ‘आजी’ कुठे लिहायचं? कन्नडमध्ये पण ‘अज्जी’च. ‘तूप’ आणि ‘तुप्पा’ एक धरायचे की दोन? कुत्र्याला तो ‘भू’ म्हणतो आणि कुकरला ‘श्श्श’, हे शब्द म्हणायचे का? आणि ‘ताई’ची तर वेगळीच गंमत. कन्नडमध्ये ‘तायी’ म्हणजे आई. साडेचार वर्षांच्या पोरीला हा ‘ताई, ताई’ करत मागे फिरतो तेव्हा अक्का पदर तोंडाला लावून हसते.

हसण्यासारखं एवढंच होतं. बाकी काळजीच होती. थोरली दीड वर्षाची असताना अखंड बडबडायची, त्यामुळे हा गप्प आहे हे कुणालाही न सांगता दिसायचं. आणि मग सल्ले सुरू झाले. मुलगे उशिराच बोलतात. तुझा नवरा पण तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. (यावर नवऱ्याने आजवर भरपाई केली आहे.) पण सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला सल्ला हा: इतक्या भाषांचा गोंधळ होतोय त्याचा, एकच भाषा ठेवा. आणि एकच ठेवायची तर इंग्रजी ठेवा, पुढे शाळेत तीच लागणार.

प्लेग्रुपच्या चौकशीला गेलो तिथल्या बाईंनीही हेच सांगितलं, तेही इतक्या गोड आवाजात की ‘हो’ म्हणूनच बाहेर पडावंसं वाटलं.

माझ्याबाबतीत लोकांना हे फारच सोपं वाटतं. बीए इंग्रजीत केलंय, पोटासाठी दिवसभर इंग्रजीत लिहिते, मग घरी बोलायला काय जातंय? पण तुम्हीच सांगा, झोपेतून दचकून उठलेल्या मुलाला छातीशी धरल्यावर तुमच्या तोंडून कुठली भाषा येते? माझ्या तोंडून ‘काही नाही रे राजा, मी आहे ना’ येतं. ते इंग्रजीत म्हणता येतं मला. पण ते मी विचार करून म्हणेन, आणि त्या वेळी विचार करायला सवड कुठे असते?

शिवाय इंग्रजी घरात आणायची म्हणजे अक्काला गप्प बसवायचं. दिवसाचे सहा तास जी बाई त्याला ‘पुट्टा, बा, ऊटा माडु’ म्हणत घास भरवते, तिला काय सांगायचं? बोलू नकोस? आणि सांगलीला माझी आई आहे. तिला इंग्रजी येत नाही. तिचं नातवाशी असलेलं सगळं नातं रोज संध्याकाळी साडेसातच्या व्हिडिओ कॉलवर उभं आहे. एकदा तिने कॅमेऱ्यासमोर लाडू धरून विचारलं, “घेतोस का रे?” हा ठासून म्हणाला, “बेडा!” आई गोंधळली. “अगं, हा मला वेडा म्हणतोय का गं?” समजावून सांगितल्यावर ती दहा मिनिटं हसत होती. आता ती स्वतःच ‘बेकु का बेडा?’ विचारते. बेकु म्हणजे हवं. सत्तरीला टेकलेल्या बाईने नातवासाठी नव्या भाषेतले दोन शब्द उचलले, आणि आम्ही त्याच्याकडून तिची भाषा काढून घ्यायची?

तरी खरं सांगते, हे सगळं कळत असूनही मन डळमळत होतं. आपल्या हट्टापायी पोराचं नुकसान होत असेल तर?

बालरोगतज्ज्ञांनी भाषेचा विषयच बाजूला ठेवला. म्हणाले, आधी कान तपासा. मूल हाक मारल्यावर वळतं, गाणं लागलं की नाचतं, म्हणून ऐकू येतंय असं आपण धरून चालतो. पण थोडं कमी ऐकू येणारी मुलंही वळतात आणि नाचतात, फक्त बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठून राहतं, त्यानेही ऐकणं मंद होतं. आणि त्यावर उपाय असतात, फक्त ते वेळेत कळायला हवं.

त्यातली एक तपासणी म्हणजे बेरा. कपाळाला आणि कानामागे छोट्या पट्ट्या चिकटवतात, कानात टकटक असा आवाज सोडतात, आणि तो मेंदूपर्यंत पोहोचतोय का ते संगणकावर लाटांसारखं उमटतं. दुखत काही नाही. अट एकच, मूल गाढ झोपलेलं हवं. काही ठिकाणी झोपेचं औषध देतात, आमच्याकडे आधी त्याशिवाय करून बघू म्हणाले. दुपारी दोनची वेळ मिळाली. सूचना अशी: सकाळी लवकर उठवा, येईपर्यंत झोपू देऊ नका, इथे आणून झोपवा.

दोन वर्षांच्या मुलाला बेंगळुरूच्या ट्रॅफिकमध्ये, रिक्षात, दुपारी दीड वाजता जागं ठेवणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. थोरलीने गाणी म्हटली, टाळ्या पिटल्या, त्याचे पाय ओढले. मी तोंडावर पाणी शिंपडलं. रिक्षावाल्या अण्णांनी कारण विचारलं आणि तेही हॉर्न वाजवून मदत करायला लागले. तरी हॉस्पिटल दहा मिनिटांवर असताना सिग्नलला तो झोपला. तिथे पोहोचून खाली घेताच टक्क जागा, आणि असा ताजातवाना की जणू रात्रभर झोपलाय. पुढचे दोन तास नवरा त्याला खांद्यावर घेऊन त्या लांबलचक पॅसेजमध्ये चालत होता. सव्वाचारला मान खाली पडली. अंधारी खोली, पट्ट्या, वायरी. तपासणी संपेपर्यंत आम्ही तिघं भिंतीला टेकून, शिंक आली तर काय या भीतीने नाक दाबून उभे. थोरली इतका वेळ गप्प बसल्याचा तेवढाच एक दिवस आहे.

दोन्ही कान उत्तम निघाले.

मग स्पीच थेरपिस्टकडे गेलो. तिथे मी आमची यादी काढली आणि भांडणाचा मुद्दा पुढे ठेवला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, सगळे मोजा. मराठी, कन्नड, हिंदी, सगळ्या भाषांची बेरीज करायची. ‘भू’ आणि ‘श्श्श’सुद्धा, कारण तो दर वेळी त्याच वस्तूसाठी तोच आवाज वापरतो. म्हणजे २१. नवरा हरला.

पण २१ हेही कमीच होते, ते त्यांनी लपवलं नाही. फक्त त्याचं खापर भाषांवर फोडायचं नाही, हे स्पष्ट सांगितलं. जास्त भाषा ऐकल्याने मूल बोलायला मागे पडत नाही. ज्याला भाषेची खरोखर अडचण असते त्याला ती प्रत्येक भाषेत येते, आणि एक भाषा बंद केल्याने ती जात नाही. उलट आईबापांनी आपल्याला नीट न रुळलेली भाषा घरात आणली की ते कमी बोलतात, तुटक बोलतात. तुमच्या घरात ज्याला जी भाषा आपसूक येते त्याने ती भरपूर बोला, एवढंच.

त्यांनी पुष्कळ वेळ तो खेळतो कसा, हे पाहण्यात घालवला. नावाने हाक मारल्यावर बघतो का, हवी ती वस्तू बोट करून दाखवतो का, नक्कल करतो का. छोटू हे सगळं करत होता. तुमचं मूल हे करत नसेल, किंवा आधी येणारे शब्द त्याने बोलणं सोडलं असेल, तर ‘मुलगे उशिरा बोलतात’ यावर विसंबून थांबू नका. दाखवायचं कुठे, हा प्रश्न असेल तर म्हैसूरला १९६५ पासून अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते, पुढच्या उपचारांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्रं आहेत. हे सरकारी आहे म्हणून नाक मुरडू नका.

घरी करायच्या गोष्टी ऐकायला अगदी साध्या. ‘हे काय आहे? हा रंग कोणता?’ अशी परीक्षा घेणं बंद, त्याऐवजी तो जे बघतोय त्याबद्दल आपण बोलायचं. दूध की पाणी, असा पर्याय द्यायचा आणि मनात पाचपर्यंत मोजत थांबायचं. जेवताना फोन नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगितलाय, कमी असेल तर उत्तमच. यातलं पाचपर्यंत मोजणं सगळ्यात अवघड. करून बघा, तीनलाच आपलं तोंड उघडतं.

खरी अडचण मात्र थोरली होती. छोटूने बोट उचलायचा अवकाश, ही जाहीर करायची, “त्याला बिस्किट पाहिजे.” इतकी तत्पर दुभाषी घरात असताना तो कशाला कष्ट घेईल? थेरपिस्टने तिला रागावण्याऐवजी कामाला लावलं. तू दुकानदार, तो गिऱ्हाईक. शब्द दिला तरच माल द्यायचा. तेव्हापासून आमच्या हॉलमध्ये सोफ्यामागे दुकान आहे. दुकानदारीण भलतीच कडक निघाली. पहिल्या आठवड्यात तिने सख्ख्या भावाला एका खडूसाठी इतकं ताटकळत ठेवलं की तो रडत माझ्याकडे आला. पण दुसऱ्या आठवड्यात त्याने तिला ‘बॉल’ म्हणून दाखवलं, आणि तिने एकदम चार बॉल दिले.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत कडलेकाई परिषे भरते. भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. दोड्ड बसवण्णाच्या देवळाच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीगच्या ढीग, कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या. आम्ही गर्दी टाळायला सकाळीच गेलो, तरी गर्दी होतीच. छोटू बाबाच्या खांद्यावर. मी उकडलेल्या शेंगा सोलून एकेक दाणा वर देत होते. थोरलीला फुगा हवा होता, त्यावरून बोलाचाली चालली होती, माझा हात थांबला. वरून आवाज आला, “शेंगा बेकु.”

एक शब्द माझा, एक अक्काचा. दोन शब्द जोडलेले, पहिल्यांदाच. शेंगा विकणाऱ्या आजींना मराठी येत नव्हतं, पण ‘बेकु’ कळलं. त्यांनी मूठभर शेंगा उचलून त्याच्या हातात दिल्या आणि पैसे घेतले नाहीत.

हे वाचून आता गाडी सुसाट सुटली असेल, असं वाटेल तुम्हाला. तसं नाही. तो आज सव्वादोन वर्षांचा आहे, यादीत ४६ शब्द आहेत, आणि काही आठवडे एकही नवा शब्द येत नाही. तेव्हा मी पुन्हा रात्री अकराला फोन उघडते. प्लेग्रुपचा फॉर्म टेबलावर तसाच पडलाय. त्यात घरी बोलली जाणारी भाषा लिहायला एकच ओळ आहे, आणि नवऱ्याचं म्हणणं, बारीक अक्षरात सगळ्या लिहू.

पुढची भेट संक्रांतीच्या आठवड्यात आहे. या वेळी थेरपिस्टने अक्कालाही घेऊन या म्हटलंय, दिवसाचे सहा तास तो तिच्याजवळच असतो म्हणून. अक्काने दोनदा विचारून खात्री करून घेतली की खरंच तिलाच बोलावलंय. मग म्हणाली, बहिणीच्या लग्नातली साडी नेसून येते, आणि तपासणी असेल तर त्याला रिक्षात जागं ठेवायचं तिच्यावर सोडा.