यंत्राचा उंबरठा

बुद्धिबळाचा जुना पट आपल्यापैकीं पुष्कळ घरांतून अजून जपलेला असतो. पण हल्लीं त्याच्या शेजारीं बहुधा एक संगणकहि दिसतो. डाव संपला कीं तो यंत्रावर पुन्हां मांडावा आणि आपला वजीर नेमका कोठें फसला हें त्याला विचारावें, असा प्रघात आमच्या घरीं माझ्या चुलत्यांनीं, म्हणजे तात्यांनीं, वयाच्या ७० व्या वर्षानंतर पाडला. त्या निमित्तानें मला या यंत्रविद्येकडे जरा जवळून पाहावें लागलें, आणि तींतून यंत्रांपेक्षां माणसांविषयींच अधिक विचार सुचले.

वाचकांपैकीं अनेकांना ठाऊक नसेल कीं ही विद्या दोन वस्तूंत वांटलेली आहे. एक दर्शनी पट, ज्यावर हत्ती, घोडे, प्यादीं दिसतात. दुसरी वस्तु म्हणजे इंजिन. त्याला ना चेहरा ना पट; तें केवळ हिशेब करणारी बुद्धि. २००८ सालीं निघालेलें व आज अग्रगण्य गणलें जाणारें स्टॉकफिश हें असेंच एक इंजिन. तें कोणासहि फुकट मिळतें. पण घरीं आणून उघडावें तों पट नाहींच, नुसती एक काळी चौकट पुढें येते! त्याची दर्शनी पटाशीं गांठ घालून द्यावी लागते. यालाच इंजिन बसविणें म्हणतात.

या दोघांच्या संभाषणाची बोलीहि ठरलेली आहे. २००० सालीं रूडॉल्फ हूबर व स्टेफान मायर-कालेन यांनीं 'यूसीआय' नांवाची बोली सिद्ध केली. पटानें 'यूसीआय' एवढाच शब्द उच्चारावा. इंजिनानें आपलें नांव, आपला कर्ता आणि आपल्यांत काय काय बदलतां येतें त्याची यादी सांगून 'यूसीआय-ओके' म्हणावें, कीं झाली ओळख. लग्नघरीं व्याह्यांची ओळख याहून पुष्कळ लांबते!

ओळख इतकी सोपी असतां माणसाचे हाल कां व्हावेत? कारण घरोघरच्या चालीरीती निराळ्या. फ्रिट्झला इंजिनाची फाइल दाखविली कीं नांव व कर्ता यांची विचारपूस तो प्रोग्रॅम आपण होऊन करतो. अरेना हा फुकट मिळणारा पट. त्याला यूसीआय आणि तिच्याहून जुनी विनबोर्डची बोली अशा दोन्ही कळतात. सिड व्हर्सेस पीसी हा मुळांत डावांचा संग्रह सांभाळणारा दप्तरी कारकून. त्याच्यापुढें गेलें कीं नांव, आज्ञा, फोल्डर, बोली असे रकाने भरून द्यावे लागतात. लुकास चेसची तऱ्हा अगदींच वेगळी. कच्च्यापासून पक्क्यापर्यंत अनेक इंजिनें तो बरोबरच घेऊन येतो. पाहुण्यानें पाट मांडावयाचा नाहीं, वाढून घ्यावयाचें नाहीं, नुसतें जेवावयास बसावयाचें.

या चौघांची तुलना कोठें किती टिचक्या माराव्या लागतात हें मोजून करावी, असें प्रथमदर्शनीं वाटतें. मला तें मोजमाप पुरेसें वाटत नाहीं. कांहीं प्रश्न विचारणें यंत्राला भागच असतें. २०१८ सालीं सुरू झालेल्या लीला चेस झीरो या इंजिनाला त्याच्या शिक्षणाचें सार साठविलेली निराळी फाइल लागते. ती इंजिनाच्याच फोल्डरमध्यें नसेल, तर कोठें आहे हें कोणीतरी सांगितलेंच पाहिजे. प्रश्न विचारणें हा उद्धटपणा नव्हे. उद्धटपणा आहे तो न बोलण्यांत.

स्टॉकफिशच्या फाइली प्रोसेसरच्या जातीप्रमाणें निरनिराळ्या निघत आल्या आहेत. 'पॉपकंट', 'एव्हीएक्स२', 'बीएमआय२' अशीं त्यांच्या नांवांना शेपटें असतात. नव्या प्रोसेसरसाठीं सिद्ध केलेली फाइल जुन्यावर चालत नाहीं. तात्यांचा संगणक जुना. त्यांनीं अशी एक फाइल आपल्या पटाला दाखविली (त्याचें नांव येथें नको), आणि कांहींच घडलें नाहीं. ना हाक, ना ओ. तीन दिवस ते खटपट करीत होते. चौथ्या दुपारीं पाहतों तों संगणकावर आच्छादन घातलेलें.

"आतां आमच्याच्यानें हें व्हावयाचें नाहीं रे," ते म्हणाले, "बुद्धि पोंचत नाहीं."

ज्या गृहस्थानें ४० वर्षें मुलांना बीजगणित शिकविलें, त्याच्या तोंडीं हें वाक्य! 'ही फाइल तुमच्या यंत्राजोगी नाहीं' एवढी एक ओळ त्या पटानें दाखविली असती, तर हें ऐकण्याची पाळी आली नसती. माझ्या पुतण्यानें योग्य फाइल आणून दिली आणि पांच मिनिटांत इंजिन बोलूं लागलें. पण त्यानंतर कितीतरी दिवस विजेचें बिल भरावयाचें असो कीं पत्र पाठवावयाचें असो, तात्या "तूंच करून दे बाबा" म्हणून बाजूला होत. दोष यंत्राच्या मौनाचा होता. तो त्यांनीं स्वतःच्या वयाच्या खात्यावर मांडून टाकला. वृद्धांच्या बाबतींत असें फार वेळां होतें, आणि आपण घरांतलीं माणसें तें मुकाट्यानें मान्य करतों.

तेव्हां कोणता पट निवडावा, असें कोणी विचारल्यास माझें उत्तर सोपें आहे. नुसतें खेळावयाचें असेल त्यानें लुकास चेस घ्यावा. डावांचा संग्रह करून अभ्यास करणाऱ्यानें सिडचे रकाने एकदां नेटानें भरावेत. परंतु कोणताहि घेतला तरी घरांतल्या तरुणांना एक विनंति आहे. वडील माणसांनीं मदत मागितली, तर त्यांच्या हातांतून माउस काढून घेऊन इंजिन बसवून देऊं नका. तें ते बसवीत असतां क्षणभर त्यांच्या शेजारीं बसा. यंत्रानें जें सांगावयास हवें होतें तें तुम्हीं सांगा, आणि हात त्यांचाच चालूं द्या.