मोहोरबंद पाणी

कायद्याची पुस्तके सरकारी नोकराला वाचावी लागतात. ती त्याने आवडीने वाचावीत अशी अपेक्षा मात्र कोणी करीत नाही. माझ्या हातून ते घडले याला कारण कानपूर. येथे बदली होऊन चौथे वर्ष लागले. संध्याकाळी लांब आणि मराठी पुस्तके मोजकी. पदवीसाठी वाचलेल्या कवींची उजळणी संपली, तेव्हा १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम हाती घेतला. आमचे खाते पाण्याचेही नव्हे आणि हवेचेही नव्हे. तथापि गंगेच्या काठी राहावयाचे आणि तिच्याविषयी लिहिलेली ही आधुनिक पोथी उघडूनही पाहावयाची नाही, हे मनाला बरे वाटेना.

वाचता वाचता पहिला धक्का बसला तो असा, की नदीत घाण सोडू नये असे हा कायदा मुळी सांगतच नाही. कलम २४ म्हणते, मंडळाने ठरविलेल्या प्रमाणांवरून जे दूषित ठरेल ते सोडू नये. आणि कलम २५ म्हणते, नवा नाला काढण्यापूर्वी मंडळाची संमती घ्यावी. म्हणजे अर्ज, अटी, मुदत, नूतनीकरण! आपण कचेरीत ज्या चार पायऱ्या रोज चढतो-उतरतो त्याच. गंगेत काय किती टाकावे याचाही परवाना मिळतो, हे पाहून एखाद्या भाविकाला येईल तसा मलाही राग आला.

तो राग पुढे ओसरला. प्रमाण न सांगता नुसता निषेध करणारा कायदाही आपल्याकडे होऊन गेला आहे. १८६० च्या दंडसंहितेत कलम २७७ सार्वजनिक झरा वा जलाशय घाण करण्याबद्दल होते. पण नदीच्या पात्रातून वाहणारे पाणी त्यात बसत नाही, असा निवाडा मद्रासच्या उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकातच देऊन ठेवला होता. कलम २७८ हवा आरोग्यास बाधक करणाऱ्यासाठी. त्याला दंड जास्तीत जास्त पाचशे रुपये. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी न्यायसंहिता आली, आणि तिच्या २८० व्या कलमात हाच दंड एक हजार झाला. दीडशेहून अधिक वर्षांत हवेचा भाव दुप्पट झाला, एवढेच म्हणावयाचे! बाधक म्हणजे किती बाधक, हे दोन्हींत कोठेही नाही. तेव्हा मोजमाप हवे हे मला पटले. (या बाबतीत आपल्या महाराष्ट्राने केंद्राच्या पाच वर्षे आधी, १९६९ सालीच, स्वतःचा जलप्रदूषणाचा कायदा केला होता. परमुलखात असल्या गोष्टींचा थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनी गोड मानून घ्यावा.)

मोजमाप कसले, ते कानपुरात राहणाऱ्याला जाजमऊकडे पाहून समजते. शहराच्या पूर्वेला, प्रवाहाच्या खालच्या अंगास, चामडे कमावण्याचे कारखाने आहेत. बाभळीच्या सालीने कातडे कमावण्यास पूर्वी आठवडेच्या आठवडे लागत. क्रोमियमच्या क्षाराने ते काम थोडक्या वेळात होते आणि कातडे निळसर होऊन लाकडी ढोलातून बाहेर पडते. पण ढोलात घातलेले सगळेच क्रोमियम कातड्यात मुरत नाही. बराच मोठा भाग पाण्यातच राहतो, आणि ते पाणी कोठेतरी जावेच लागते. नदीत सोडावयाच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे दोन मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असा नियम आहे. पाण्यातील जीवजंतूंना घाण पचविण्यासाठी किती प्राणवायू लागतो, त्याचीही मर्यादा आहे : तीस मिलिग्रॅम. ही दुसरी परीक्षा मला फार आवडली. पाणी बाटलीत भरून सत्तावीस अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवतात, आणि त्याने किती श्वास घेतला ते पाहतात.

२२ सप्टेंबर १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जाजमऊच्या ज्या कारखान्यांनी प्राथमिक शुद्धीकरणाची सोयही केली नव्हती ते बंद करविले. खर्च झेपत नाही, अशी त्यांची तक्रार होती. जो किमान वेतन देऊ शकत नाही त्याला कारखाना चालविता येत नाही, तसेच हे, असे न्यायालयाने उत्तर दिले. पुढे १९९४ साली कारखान्यांचे नऊ दशलक्ष लिटर आणि शहराचे सत्तावीस दशलक्ष लिटर सांडपाणी रोज एकत्र शुद्ध करण्याचे केंद्र जाजमऊस सुरू झाले. एवढे होऊनही नदीकाठच्या वासाने नाकाला रुमाल लावावा लागतो तो का, हे मला अधिनियमाच्या पुस्तकात सापडेना. ते शेजारच्या चाचाजींकडून समजले.

चाचाजींचा सगळा जन्म पाण्याचे नमुने गोळा करण्यात गेला. निवृत्तीनंतर ते गच्चीवर तुळस आणि कबुतरे सांभाळतात. मी त्यांना कलम २१ वाचून दाखविले, तेव्हा ते हसले. त्या कलमाप्रमाणे नमुना घेताना तेथल्या तेथे मालकाला नोटीस द्यावी. त्याच्यासमक्ष पाण्याचे दोन भाग करावे. दोन्ही बाटल्या मोहोरबंद करून त्यांवर दोघांच्या सह्या घ्याव्या. ‘‘भैया,’’ ते म्हणाले, ‘‘आम्ही नाल्यावर पोहोचायला साडेदहा. मालक गावाला गेलेले. मुनीम म्हणतो, मला सहीचा अधिकार नाही. तोवर पेटीतला बर्फ वितळतो. आणि नाल्याला खरा रंग येतो रात्री दोनला. आमची ड्यूटी दहा ते पाच!’’

कायदा करणाऱ्याला हा मुनीम ठाऊक होता. मालक मुद्दाम हजर राहिला नाही तर अधिकाऱ्याने एकट्याने सही करून बाटली पाठवावी, अशीही तरतूद त्यात आहे. पण एखादी पायरी चुकली की सगळेच गेले. १९८६ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयात नमुन्याची विधिवत् वाटणी व तपासणी झाली नाही एवढ्यावरून त्याचा अहवाल पुराव्यातून बाद झाला. पाणी कसे होते, हा प्रश्नच मग उरला नाही. मंत्री भाषणे करतात, न्यायमूर्ती निवाडे देतात. पण नदीचे दैव अखेर एका बाटलीच्या गळ्याशी, लाखेच्या ठिपक्याशी आणि सहीच्या रकान्याशी येऊन थांबते. आपल्यासारख्या कारकुनांच्या कामाला जग ‘कागदी’ म्हणून हिणविते. ते शब्द मला त्या दिवसापासून निराळेच ऐकू येतात.

शिक्षेचे म्हणाल, तर २०२४ च्या दुरुस्तीने, जेथे ती लागू झाली तेथे, बहुतेक अपराधांना तुरुंगाऐवजी दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंड आला आहे. तुरुंगात कोणी जातच नसे, तेव्हा दंड बरा, असे सांगतात. मला शंका वाटते. दंड खर्चाच्या वहीत मांडता येतो. तुरुंग मांडता येत नाही.

आणि दंड न होता ज्याचे नुकसान होते तो माणूस आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. तो ढोलावर काम करतो. प्रयागला माघमेळा वा कुंभ असला की मुख्य स्नानांच्या आधी, इकडचे पाणी तिकडे पोहोचण्याचा हिशेब धरून, कारखाने बंद ठेवण्याचे हुकूम निघतात. २०१९ च्या कुंभाच्या वेळी तर ही बंदी महिनोन् महिने चालली. मौनी अमावास्या केव्हा, हे आमच्या वाड्यात सर्वांआधी त्याला ठाऊक असते. ‘‘बाबूजी, तिकडे स्नान, इकडे फाका,’’ असे तो एकदा म्हणाला. त्याच्या स्वरात राग नव्हता. पर्वणीचे पाणी स्वच्छ हवे आणि एरवीचे कसेही चालते, हा हिशेब कोणत्या कलमात बसतो, ते मी अजून शोधतो आहे.

गेल्या कार्तिकात आईचे पत्र आले. साताऱ्याच्या घरातल्या देव्हाऱ्यातला गंगेचा गडू वडिलांच्या वेळी फोडला, तेव्हापासून कोनाडा रिकामा आहे. तू गंगेवर असून एक गडू धाडता येत नाही काय? जाजमऊचे पाणी पाठविणे शक्यच नव्हते. वीसएक किलोमीटर वर, प्रवाहाच्या उगमाकडल्या अंगास, बिठूर आहे. आपले ब्रह्मावर्त. दुसरे बाजीराव पुण्याला मुकल्यावर १८५१ साली देह ठेवीपर्यंत येथेच राहिले. मराठी माणूस कानपुरास आला की एकदा तरी तेथे जातोच. मी तेथे गेलो, चाचाजीही आले. त्याच्याही वर कनौजजवळ काली आणि रामगंगा मिळतात, आणि त्या आपापल्या गावांचे ओझे घेऊनच येतात, हे चाचाजींनी नावेत बसल्यावर सांगितले. ते मी आईला लिहिले नाही.

गडू भरला. कासाराने तोंड डाख देऊन बंद केले. चाचाजींनी सवयीने खिशातून एक चिठ्ठी काढली आणि तिच्यावर स्थळ, घाट, तिथी, वेळ लिहून खाली दोन सह्यांची जागा सोडली. एक माझी झाली, दुसरी त्यांची. चिठ्ठी गडूला दोऱ्याने बांधून पार्सल केले.

गडू पोहोचल्याचे आईचे पत्र आले आहे. पाणी कोनाड्यात ठेवले. मात्र खाली हिंदीत सही करणारे हे गृहस्थ कोण, त्यांच्या घरी कोण कोण असते, आणि त्यांना दिवाळीचा फराळ पाठवावा काय, असे तिने विचारले आहे.