बोगमाळोच्या वाटेवरचे खडे

माझ्या मामाच्या खिशात नेहमी काहीतरी खुळखुळत असतं. कधी स्क्रू, कधी बाटलीचं झाकण, कधी जांभ्याचा खडा. चालता चालता तो वाकतो, रस्त्यावरची वस्तू उचलतो आणि खिशात टाकतो. कपडे धुताना मामी दर वेळी कुरकुरते. मामाने जवळजवळ तीस वर्षं एका विमान दुरुस्तीच्या हँगरमध्ये हेल्पर म्हणून काढली. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी वाकण्याची सवय गेलेली नाही.

नाताळच्या सुट्टीत मी बंगळूरहून वास्कोला माहेरी गेले की एक दिवस बोगमाळोचा ठरलेला. यंदा आठ वर्षांच्या लेकीने हट्ट धरला, की समुद्र नंतर, आधी विमानं. दाबोळीच्या पठारावरून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाताना वाटेत नौदलाचं विमान संग्रहालय लागतं. १९९८ साली ते उघडलं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. सहलीत आम्ही विमानांपुढे उभं राहून फोटो काढले आणि डबे खाल्ले, एवढंच आठवतं. या वेळी मामालाही बरोबर घेतलं.

आवारात सगळ्यात आधी नजरेत भरतं ते सुपर कॉन्स्टेलेशन. लांबलचक अंग, चार पंखे आणि मागे तीन शेपट्या. मामा तिथे थांबला आणि त्याची आवडती गोष्ट सुरू झाली. १८ डिसेंबर १९६१ ला आपल्या हवाई दलाने दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. त्याच रात्री तिथे अडकलेली दोन पोर्तुगीज प्रवासी विमानं उरलेल्या तुकड्यावरून अंधारात निसटली. त्यातलं एक याच कॉन्स्टेलेशन जातीचं.

"पंख्याची विमानं होती म्हणून जमलं," मामा म्हणाला. "जेट असतं तर त्या खडीतून गेलं नसतं. जेट म्हणजे व्हॅक्युम क्लीनर गो!"

लेकीला ते फार आवडलं. पुढे सी हॅरियर दिसलं. नौदलाने ते १९८३ पासून २०१६ पर्यंत वापरलं. हे विमान हेलिकॉप्टरसारखं सरळ खाली उतरू शकतं. कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना हवा आत घेणारी दोन मोठी तोंडं आहेत. मी तिला समजावलं, की उतरताना याच्या झोतानेच जमिनीवरची माती आणि खडे उडतात आणि ते यालाच गिळावे लागण्याची भीती असते. म्हणून जागा आधी स्वच्छ झाडलेली हवी. विमानवाहू जहाजावर तर खलाशी एका ओळीत उभे राहून डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खाली बघत चालतात आणि दिसेल ती बारीकसारीक वस्तू उचलतात.

"म्हणजे मामाआजोबांसारखं?" तिने विचारलं.

"अगदी तसंच."

बाहेरची वस्तू आत जाऊन होणाऱ्या या नुकसानीला विमानाच्या धंद्यात 'फॉड' म्हणतात, म्हणजे फॉरेन ऑब्जेक्ट डॅमेज. खडा, नट, टायरचा तुकडा, विसरलेलं हत्यार, पक्षी, सगळं त्यातच आलं. गोवेकरांना हे वेगळं सांगायला नको. १६ नोव्हेंबर २०१९ ला दाबोळीहून उडालेल्या नौदलाच्या मिग-२९के प्रशिक्षण विमानाला पक्ष्यांचा थवा धडकला. डावं इंजिन बंद पडलं, उजव्याला आग लागली. वैमानिकांनी विमान वस्तीपासून दूर नेलं आणि दोघेही सुखरूप बाहेर पडले. विमान वेर्ण्याच्या बाजूला कोसळलं, तेव्हा आईने मला फोनवर धूर दिसतोय म्हणून सांगितलं होतं.

त्या सुमारास मी नुकतीच याच कामात पडले होते. मी बीई करून सॉफ्टवेअरमध्ये गेले. गेली काही वर्षं इंजिनावरच्या सेन्सरची माहिती वाचणारे प्रोग्रॅम लिहिते. मामाला ते काम नेमकं काय, हे मी कधी नीट सांगितलं नव्हतं. आम्ही सावलीत बाकावर बसलो आणि मी वहीत गोल काढला.

आपण गोव्याला येतो त्या एअरबसच्या नव्या विमानांपैकी अनेकांना लीप नावाचं इंजिन असतं. त्याच्या पुढच्या पंख्याचा व्यास सुमारे २ मीटर आणि पाती १८. मिनिटाला ३००० फेरे धरले तर सेकंदाला ५० फेरे होतात. म्हणजे कडेला बसवलेल्या एका सेन्सरसमोरून सेकंदाला ९०० पाती जातात. सेन्सर प्रत्येक पातं कधी आलं तेवढंच टिपतो. सगळी पाती ठीक असली तर ती घड्याळासारखी ठरल्या वेळी येतात. एखादं पातं खडा लागून वाकलं किंवा थरथरू लागलं, तर ते किंचित लवकर किंवा उशिरा येतं. किंचित म्हणजे किती? पात्याचं टोक १ मिलिमीटर सरकलं तर फरक पडतो सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम ३ भागांचा. तेवढा फरक पकडायचा हे माझं काम. ही पद्धत जास्त करून चाचणीच्या इंजिनांवर वापरतात. रोज उडणाऱ्या विमानात मुख्य भर कंप आणि तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर असतो. शंका आली, की बोअरस्कोप घालून आत बघायचं. डॉक्टर घशात दुर्बीण घालतात तसंच.

मामाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुझा सेन्सर खडा उचलतो?"

"नाही. खडा लागला हे सांगतो."

"म्हणजे लागल्यावर."

मी हसले, पण उत्तर नव्हतं.

मग मामाने त्याची एक गोष्ट सांगितली. ती आमच्यापैकी कोणी ऐकलेली नव्हती. हँगरमध्ये हत्यारांचा फळा असतो. प्रत्येक पान्याच्या मागे त्याच आकाराची काळी सावली रंगवलेली असते. पाना जागेवर नसला की सावली दिसते. एका संध्याकाळी त्याच्याकडचं स्क्रूड्रायव्हरचं बोटाच्या पेराएवढं टोक सापडेना. पाळी संपत आली होती, विमान सकाळी जायचं होतं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मामा नोकरीत नवा होता, घरी आजी आजारी होती. पंधरा मिनिटं तो नुसता उभा राहिला आणि मग जाऊन साहेबांना सांगितलं. भरपूर बोलणी बसली. रात्रभर सात माणसांनी उघडलेलं सगळं पुन्हा उघडून पाहिलं. पहाटे ते टोक सापडलं ते मामाच्याच पँटच्या दुमडीत. वर्षभर सगळे त्याला हसले.

"हसूदेत," मामा म्हणाला. "विमान वर गेलं तेव्हा मी मान वर करून बघितलं ना."

लेक खळखळून हसली. मला मात्र हसता आलं नाही. त्याच्या दोन महिने आधी चाचणीच्या इंजिनावर माझ्या प्रोग्रॅमने एका आठवड्यात तीनदा खोटी धोक्याची सूचना दिली होती. दर वेळी चाचणी थांबवून आत पाहिलं, काही निघालं नाही. चौथ्यांदा हसं नको म्हणून मी मर्यादा थोडी सैल केली. नंतर नेहमीच्या तपासणीत एका पात्याच्या कडेला खरोखरच खाच सापडली. माहिती पुन्हा पाहिली, तर ते पातं दोन दिवस लवकर येत होतं. प्रोग्रॅमने तो आवाजाचा कचरा म्हणून टाकून दिला होता. इंजिन जमिनीवरचं होतं, कुणाला इजा झाली नाही. अहवालात 'सेन्सरच्या मर्यादा' असं कारण लिहिलं गेलं. मर्यादा मी सैल केली होती हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मामाला मी तिथेच बाकावर सांगितलं. तो रागावला नाही. "पंधरा मिनिटांच्या ऐवजी दोन महिने उभी राहिलीस," एवढंच म्हणाला आणि लेकीला घेऊन हेलिकॉप्टर बघायला गेला.

बोगमाळोला पाण्यात लेक आणि मामा खेळत होते, तेव्हा मी वाळूत बसून फोनवर ऑफिसला चार ओळींची मेल लिहिली. पाठवायला मलाही पंधरा मिनिटं लागली. बोलणी बसली, ती अपेक्षितच होती. पण आता आमच्याकडे मर्यादा बदलली की कोणी, कधी आणि का बदलली ते नोंदवावं लागतं. मामाच्या फळ्यावरच्या सावलीसारखंच म्हणा ना.

तुम्ही मुलांना घेऊन तिकडे जाणार असाल तर सकाळी जा. विमानं उघड्यावर आहेत, ऊन फार लागतं. परतताना गाडीपाशी लेक अचानक वाकली. तिने गंजलेला एक खिळा उचलला आणि मामाच्या हातावर ठेवला. मामाने तो उलटसुलट करून पाहिला आणि खिशात टाकला.