घडीचे फावडे

बुलढाणा जिल्ह्यात नव्या माणसाला आधी विचारतात, घाटावरचे की घाटाखालचे? घडीचे फावडे घेताना हाच प्रश्न मातीला विचारावा लागेल, असे आम्हांला वाटले नव्हते.

दर हिवाळ्यात आम्ही मराठीचे विद्यार्थी घेऊन एक रात्र शेतात मुक्काम करतो. शेकोटी, कवितावाचन, थोडा वादही. दोन वर्षांपूर्वी आमच्या सहकारी बाईंच्या ध्यानात आले की मुली दुपारपासूनच पाणी पीत नाहीत. कारण विचारण्याची गरज नव्हती. वर्गात स्त्रीच्या मौनावर तासतासभर बोलणाऱ्या आम्हांला ते इतकी वर्षे दिसले नव्हते.

तेव्हा ठरले की कापडी आडोसा करायचा आणि विहीर-ओढ्यापासून दूर, वीतभर खोल खड्डा खणून नंतर बुजवायचा. वीतभरच, कारण कुजवणारे जीव मातीच्या वरच्या थरात अधिक असतात. कल्पना जुनीच. बायबलच्या जुन्या करारातील 'अनुवाद' ह्या पुस्तकातही छावणीतल्या माणसाने खणण्याचे साधन जवळ बाळगावे, अशी आज्ञा आहे.

पहिले फावडे आम्ही वजन पाहून घेतले. तीन घड्यांचे, पिशवीत मावणारे. घडीची फावडी मुळात सैनिकांची; 1943 च्या नमुन्याचे अमेरिकी फावडे दुसऱ्या महायुद्धात वापरात होते. दांड्याच्या गळ्याशी आट्यांची कडी असते. ती सैल करून पाते काटकोनात वळवले, की फावड्याची कुदळ होते. आमच्या फावड्याचे पाते मात्र घाटावरच्या मुरमात पहिल्याच दिवशी टोकाशी वाकले.

दुसरे जाड पत्र्याचे घेतले आणि घाटाखाली, पूर्णेच्या बाजूला, ओलिताच्या हरभऱ्यालगत खणून पाहिले. काळी माती आट्यांत शिरली, कडी फिरेना. बांधावर निंदणाऱ्या एक आजी बराच वेळ पाहत होत्या. "सर, हे त लेकराचं खेळणं हाय," म्हणाल्या आणि खुरप्याच्या टोकाने आटे कोरून दिले.

तिसरे फावडे घेताना दुकानदाराच्या नाराजीकडे दुर्लक्ष करून आम्ही कडी दहा वेळा उघडली, मिटली. एकच घडी, रुंद आटे, जाड टोकदार पाते, वजन किलोभर. दांडा आखूड असल्याने गुडघे टेकून खणावे लागते, हा आम्हांला दोष वाटला. मुलींना वाटला नाही. आडोशामागे उभे राहून खणणार कोण, असे त्यांनी विचारले. असो; फावडे आम्ही निवडले, असे म्हणण्यात फारसा अर्थ नाही. सोबत एक खुरपेही घेतले, आट्यांसाठी.

गेल्या शिबिरात संध्याकाळी सहालाच पिण्याच्या पाण्याची टाकी रिकामी झाली. कंदील घेऊन आम्ही पुन्हा विहिरीवर गेलो.