लोणारचे पाणी



देव आहे कशावरून, हा एकच प्रश्न कीर्तनकाराला जन्मभर पुरतो. उत्तरही आपल्याकडे जुनेच आहे. घट दिसला की कुंभार मानावा लागतो; जग हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता आहे. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त हा विचार फार कसून मांडला. आम्हा बुलढाणेकरांना तर असा घट शोधायला लांब जावे लागत नाही. लोणार आमच्याच जिल्ह्यात आहे.

काळ्या पाषाणातले ते विवर काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरांच्या आसपास खोल आहे. तळाशी खारे, क्षारयुक्त पाणी. आणि त्याच विवराच्या कडेला गोमुखाची गोड धार. दोन्हींवर पडणारा पाऊस एकच. कीर्तनात हे सांगितले की श्रोत्यांचे हात आपोआप जोडले जात.

एका सप्ताहात मात्र कॉलेजात शिकणारे एक पोर कीर्तन संपल्यावर पाया पडले आणि म्हणाले, “महाराज, ते विवर उल्का पडून झालं म्हणतात. मंग तुमचा लवणासुर कुठी गेला?”

प्रश्न उद्धट नव्हता, खरा होता. उल्का पडली हे खरेच आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. त्यानंतर कित्येक वर्षे हे ज्वालामुखीचे मुख असावे असे जाणकारही म्हणत. १९७३ च्या सुमारास, प्रचंड आघाताशिवाय होणार नाहीत अशा खुणा इथल्या दगडांत सापडल्या. मी त्याला म्हणालो, “बाळा, दैत्यसूदनाची कथा दगडाचे वय सांगायला नाही. भूमीत दडून बसलेल्या दैत्याचा भगवंताने वध केला, यातला दैत्य तू कुठे शोधतोस ते पाहा.”

पण त्याच्या प्रश्नाचा अर्धा भाग उरतोच. कारण कळले की कर्ता उडतो का?

जून २०२० मध्ये तळ्याचे पाणी गुलाबी झाले. ते कोरोनाचे वर्ष. पायी वारी बंद, माउलींच्या पादुका एस.टी.ने पंढरीला गेल्या. साहजिकच गावोगाव कुजबुज झाली की हा देवाचा कोप. काहींनी मलाही तसे सांगायचा आग्रह केला. मी सांगितले नाही. पुढे पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासले आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आल्याचे दाखवले. ज्यांनी कोपावर देव उभा केला होता, त्यांचा देव त्या दिवशी एका अहवालाने आडवा झाला! आपल्या अज्ञानाच्या फटीत देव बसवला, की ज्ञान वाढेल तसा तो अंग चोरू लागतो. असली साक्ष वारकऱ्याने काढू नये.

आणि उदयनाचार्यांपुढे हात जोडूनही म्हणतो, त्यांच्या अनुमानाने कुंभार सिद्ध होतो, पण तो घटाच्या बाहेर बसलेला. आपल्या ज्ञानोबारायांचा चिद्विलास याच्या पुढे जातो. तिथे कुंभारही तोच, मातीही तोच. दागिना कसा घडला हे सोनाराने सांगितले म्हणून सोने कमी होत नाही. मग उल्का त्याचीच, पाषाण त्याचाच, ते मिठातले जीवही त्याचेच. आणि त्यांचा अभ्यास करणाऱ्याची बुद्धी तरी कोणाची?

पोर ऐकून घेत होते. पटले असे म्हणाले नाही. “मंग पंढरपूरले कायले जा लागते?” एवढेच विचारले. म्हणालो, “आषाढीला दिंडीत ये, चालता चालता बोलू.”

आता गुडघे तळापर्यंत उतरू देत नाहीत. दैत्यसूदनाचे दर्शन घेतो, धारेवर स्नान करतो, तळे वरूनच पाहतो. मागच्या खेपेला पाणी हिरवे होते.