भेंडीची तार

दोन द्रव एका चॅनेलमधून एकावर एक वाहतात, त्याचं गणित संगणकाकडून सोडवून घ्यायचं, एवढंच माझं काम. चॅनेल म्हणजे दोन पाट्यांमधली अरुंद फट. घरी सांगितलं तर आईने विचारलं, कितव्या नंबरवर लागतं? खालचा द्रव नुसता चिकट, वरचा चिकट आणि लवचिकही. सुरुवातीला लवचिकपणा बाजूला ठेवला. संगणकाने काढलेली वेगाची कमान दोघांच्या सीमेवर मोडली होती. मी ती चूक समजून चिकटपणाची सरासरी घातली, कमान गुळगुळीत झाली, ती ऐटीत सरांना दाखवली. "अरे, सीमेवर दोघांचा वेग सारखा, ओढही सारखी. मग जास्त चिकट द्रवात वेग सावकाश बदलणार, पातळ द्रवात भराभर. कमान तिथे मोडलीच पाहिजे!" बरोबर उत्तराला मी इस्त्री करून आलो होतो.

लवचिक द्रव म्हणजे काय, ते स्वयंपाकघरात कळलं. एकतारी पाकाची तार ताणली की लांबते, तुटते, मागे फिरत नाही. भेंडीची तार तुटली की टोकं मागे खेचली जातात. त्या रसाला ताणल्याची आठवण राहते. 'रिलॅक्सेशन टाइम'चं भाषांतर मी वहीत 'विसरायला लागणारा वेळ' असं केलं. ओल्ड्रॉइड यांच्या १९५०च्या समीकरणात तो वेळ भरावा लागतो. मी बिनधास्त १ सेकंद भरला.

रात्रभर प्रोग्राम चालवला. सकाळी स्क्रीनभर 'एनएएन', म्हणजे 'ही संख्याच नव्हे'. संगणक ज्या पायऱ्यांनी वेळ पुढे नेतो, ती पायरी अर्धी केली. पुन्हा तेच. चार वेळा अर्धी केली. शेवटी सर म्हणाले, "वायसेनबर्ग किती?" मला वाटलं, कुणी पाहुणे यायचेत. तो निघाला एक आकडा: फट १ मिलिमीटर, वेग सेकंदाला १ सेंटिमीटर, म्हणून थर सरकण्याचा दर सेकंदाला १०; त्याला विसरण्याच्या वेळाने गुणायचं. आले १०. "एकाच्या आसपासच भल्याभल्यांचे प्रोग्राम फुटतात," सर म्हणाले. हा गुणाकार कागदावर अर्ध्या मिनिटाचा होता. मी चार रात्री घालवल्या.

फुटण्याचं कारण असं, की चॅनेल पुढे चौपट अरुंद होतं आणि तिथल्या कोपऱ्यापाशी ताण इतका उसळतो की गणितासाठी चॅनेलवर आखलेल्या जाळीच्या चौकोनांना तो झेपत नाही. फत्ताल आणि कुपफरमन यांनी २००४ साली यावर तोड काढली: रेणू किती ताणले गेले ते सांगणारी राशी थेट सोडवायची नाही, तिचा लॉग सोडवायचा. बारावीत ज्याला शिव्या घातल्या, तोच लॉग.

आता दहावरही प्रोग्राम फुटत नाही. पण जाळी दुप्पट बारीक केली की दोन द्रवांमधली सीमा जागा बदलते. म्हणजे माझं उत्तर अजून जाळीचं आहे, द्रवांचं नाही.